कोणी काही लपवलंच नव्हतं : स्टुबेनव्हिल, २०१२

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका बाल न्यायालयात एक शाळकरी खेळाडू साक्ष देत होता. सात महिन्यांपूर्वीच्या एका रात्री, शुद्ध हरपलेल्या सोळा वर्षांच्या मुलीवर आपल्याच संघातले दोघं अत्याचार करताना त्याने पाहिले होते. थांबवलं का नाहीस, असं वकिलांनी विचारलं. तो म्हणाला, त्यात मारझोड नव्हती. बलात्कार म्हणजे नेमकं काय ते मला माहीत नव्हतं, कुणावर बळजबरी करणं म्हणजे बलात्कार असं मी समजत होतो. याच मुलाने त्याच रात्री दारू प्यायलेल्या एका मित्राला गाडी चालवण्यापासून रोखलं होतं.

या प्रकरणाबद्दल पुष्कळ वाचलं, माहितीपट दोनदा पाहिला, पण माझं मन पुन्हा पुन्हा इथेच येऊन अडतं. दारू पिऊन गाडी चालवायची नाही आणि मित्रालाही चालवू द्यायची नाही, हे या मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कुणीतरी ते बसवलं होतं. शाळेने, घरच्यांनी, सरकारी जाहिरातींनी. दुसरी गोष्ट मात्र बसवायची राहून गेली होती. की तिच्या जागी दुसरंच काही बसवलं गेलं होतं?

त्या माहितीपटाचं नाव ‘रोल रेड रोल’. दिग्दर्शिका नॅन्सी श्वार्ट्झमन. २०१८ साली ट्रायबेका चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आला. नाव ऐकून काही बोध होत नाही, कारण ती संघाला चिअर करायची आरोळी आहे. स्टुबेनव्हिल हायस्कूलच्या फुटबॉल संघाला गाव ‘बिग रेड’ म्हणतं, आणि मैदानात हजारो लोक ही आरोळी ठोकतात.

गाव आणि संघ

स्टुबेनव्हिल ओहायो नदीच्या काठावर आहे. पलीकडच्या तीराला वेस्ट व्हर्जिनिया राज्य सुरू होतं, पिट्सबर्ग तासाभराच्या अंतरावर. पोलादाच्या कारखान्यांवर उभं राहिलेलं हे गाव. १९४० च्या जनगणनेत वस्ती सदतीस हजारांवर होती, २०१० मध्ये ती साडेअठरा हजारांवर आली. भट्ट्या थंडावल्या, तरुण माणसं बाहेर पडली, मुख्य रस्त्यावरची दुकानं बंद झाली. गिरण्या बंद पडल्यानंतरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे सगळं गेल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहिली आणि ती जिंकत राहिली. शाळेचा फुटबॉल संघ.

हे फुटबॉल आपलं नव्हे. शिरस्त्राणं घालून, अंगावर अंग टाकून, लांबट चेंडू घेऊन पळायचा हा अमेरिकी खेळ. शाळांचे सामने बहुधा शुक्रवारी रात्री होतात. स्टुबेनव्हिलच्या हार्डिंग स्टेडियममध्ये दहा हजारांच्या आसपास माणसं बसतात, म्हणजे अर्ध्याहून अधिक गाव मावेल इतकी. तिथे घोड्याचा एक पुतळा आहे. बिग रेडने गुण मिळवला की त्याच्या तोंडातून आगीचा लोळ निघतो. संघाने २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं राज्याचं अजिंक्यपद जिंकलं होतं. मुख्य प्रशिक्षक १९८३ पासून त्याच पदावर. मुलं, त्यांचे बाप आणि काका, सगळे त्यांच्याच हाताखाली खेळलेले.

गावाने आपल्या पोरांचं कौतुक करावं, यात वावगं काहीच नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला दहा हजार माणसं नाव घेऊन हाका मारत असतील, तर आपल्याला ‘नाही’ म्हणणारं कुणी असतं ही कल्पनाच त्याच्या डोक्यातून पुसली जाते. शिवाय इथे पोलीस, वकील, न्यायाधीश, शाळेचे अधिकारी हे सगळेच या ना त्या नात्याने संघाशी बांधलेले होते. खटला उभा राहायच्या वेळी स्थानिक सरकारी वकिलांनी माघार घेतली, त्यांचा मुलगा याच संघाशी निगडित होता. स्थानिक न्यायाधीशांनाही बाजूला व्हावं लागलं, त्यांच्या नातीची संघातल्या एका मुलाशी जवळीक होती. दोघंही नियमाप्रमाणेच वागली. पण नियम पाळायचा तर प्रकरण गावातून बाहेर न्यावं लागलं, एवढं लक्षात घ्यायला हवं.

ती रात्र

११ ऑगस्ट २०१२, शनिवार. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. हंगामाआधीचा सराव सामना झाला आणि रात्री मुलांच्या पार्ट्या सुरू झाल्या. पलीकडच्या तीरावरच्या वीअर्टन गावातली सोळा वर्षांची एक मुलगी पार्टीला आली होती. तिने दारू प्यायली, तिचा तोल गेला, तिला ओकारी झाली. पुढचे काही तास ती शुद्ध-बेशुद्धीच्या मधे होती, आणि तिला एका घरातून दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घराच्या तळघरात नेलं गेलं. गाडीत आणि तळघरात तिच्यावर अत्याचार झाले. सकाळी ती एका अनोळखी घरात जागी झाली. अंगावर कपडे नव्हते, फोन सापडत नव्हता आणि रात्रीचं जवळजवळ काहीच आठवत नव्हतं.

तपशिलात याहून खोल जायची गरज नाही. माहितीपटही जात नाही.

इतरांना मात्र आठवत होतं. नुसतं आठवत नव्हतं, ते त्यांच्या फोनमध्ये होतं. दोन मुलं तिला हातापायाला धरून उचलून नेतायत, तिची मान मागे लोंबतेय, असा एक फोटो इन्स्टाग्रामवर आला. ट्विटरवर रात्रभर थट्टा चालली होती. गाडीतल्या प्रकाराचं चित्रण एका सहखेळाडूने केलं आणि नंतर पुसून टाकलं. संघाबाहेरच्या एका मुलाने तर त्याच रात्री साडेबारा मिनिटं कॅमेऱ्यासमोर बसून त्या मुलीच्या अवस्थेवर विनोद केले. तो स्वतः हसतोय, मागे इतर हसतायत. मधेच कुणीतरी, ती तुझी मुलगी असती तर, असं विचारतं आणि तो प्रश्नही हसण्यावारी जातो.

मुलीला काय घडलं ते कळलं ते याच फोटोंमधून आणि संदेशांमधून. आपल्यावरचा अत्याचार तिला इतर सगळ्यांच्या नंतर, तोही इंटरनेटवर वाचून समजला. आईवडिलांनी ट्विटरवर जे सापडलं ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि १४ ऑगस्टला पोलीस ठाणं गाठलं. तोवर वैद्यकीय पुराव्याची वेळ निघून गेली होती. २२ ऑगस्टला सोळा वर्षांच्या दोन खेळाडूंना अटक झाली.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा ‘दाबून टाकलेलं सत्य’ अशा चौकटीत होते. नंतर काही मोठ्यांनी दाबायचा प्रयत्न केला असा आरोप झाला, त्याकडे येतोच. पण त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन दिवस कोणी काही लपवलंच नव्हतं. लपवायला हवं असं त्यांना वाटलंच नव्हतं. गुन्हेगार पुरावा नष्ट करतो असं आपण धरून चालतो. इथे मुलांनी पुरावा तयार केला, वाटला, त्यावर मित्रांची वाहवा मिळवली. समाजमाध्यमांनी मुलं बिघडवली हे उत्तर मला म्हणूनच अपुरं वाटतं. फोन नसता तरी तळघर होतं, हसणारे मित्र होते. फोनमुळे एवढंच झालं की ते हसू बाहेर ऐकू आलं.

स्क्रीनशॉट

ॲलेक्झांड्रिया गॉडर्ड या गुन्हेविषयक ब्लॉग लिहिणाऱ्या बाई. एके काळी स्टुबेनव्हिलमध्ये राहिलेल्या, त्यामुळे गाव आतून ओळखणाऱ्या. अटकेची बातमी वाचून त्यांच्या मनात आलं की वर्तमानपत्रात आलंय त्याहून हे मोठं असणार. त्यांनी संघाच्या खेळाडूंची यादी समोर ठेवली आणि एकेकाचं ट्विटर खातं चाळायला सुरुवात केली. सगळं तिथेच पडलं होतं. त्यांनी ते जपून ठेवलं. मुलांना भान येऊन खाती साफ व्हायच्या आत हे काम झालं, म्हणूनच ते पुढे कुणाला पाहता आलं.

गावाने त्यांना धारेवर धरलं. एका खेळाडूच्या कुटुंबाने त्यांच्यावर आणि त्यांच्या ब्लॉगवर टोपणनावाने प्रतिक्रिया देणाऱ्यांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो डिसेंबर २०१२ मध्ये मिटला. क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ या वर्तमानपत्राच्या रेचेल डिसेल यांनीही हे प्रकरण लवकर हाती घेतलं होतं. डिसेंबरच्या मध्यावर ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये मोठा वृत्तांत आला आणि स्टुबेनव्हिल हे नाव देशभर पोचलं. त्याच आठवड्यात दिल्लीतल्या बसमधल्या अत्याचाराने आपल्याकडे माणसं रस्त्यावर उतरली होती. दोन्हींची सांगड घालण्यात अर्थ नाही. कायद्याच्या अंगाने मात्र एक धागा आहे, तो पुढे.

मग आले मुखवटेवाले. ‘ॲनॉनिमस’ या नावाने, मुखवटे घालून वावरणाऱ्या जालचाच्यांचा, म्हणजे हॅकर्सचा, एक गट यात उतरला. त्यांनी संघाच्या चाहत्यांचं संकेतस्थळ फोडलं आणि साडेबारा मिनिटांचा तो व्हिडिओ जानेवारी २०१३ च्या सुरुवातीला जगापुढे आणला. जेफरसन काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीसमोर हजाराच्या वर माणसं जमली. त्या पायऱ्यांवर काही बायकांनी मुखवटा काढून माइक हातात घेतला आणि वर्षानुवर्षं कुणालाही न सांगितलेल्या स्वतःच्या गोष्टी सांगितल्या. माहितीपटातला सगळ्यात जड भाग हा आहे. गावाच्या दृष्टीने ‘एका रात्रीची चूक’ असलेल्या घटनेच्या मागे किती जुन्या रात्री होत्या, ते तिथे कळतं.

पण या गटाला सरसकट नायक करायला मी तयार नाही. त्यांनी खरं बाहेर काढलं, तसं खोटंही पसरवलं. पडताळणी न केलेल्या अफवा नावानिशी छापल्या. चाहत्यांचं संकेतस्थळ चालवणाऱ्या माणसाच्या ईमेल चोरून त्याच्यावर बालकांच्या अश्लील चित्रांचा आरोप केला, तो निराधार होता. त्या माणसाचं नाव अजूनही शोधलं की हेच समोर येतं. वर्तमानपत्राचा वार्ताहर आणि मुखवटेवाला यांच्यात फरक आहे तो इथे: चूक झाली तर पहिल्याला गाठता येतं.

संदेशांची भाषा

राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने खटला चालवला, बाहेरगावचे न्यायाधीश थॉमस लिप्स आले. बाल न्यायालय असल्यामुळे ज्यूरी नव्हती. तपास यंत्रणेने तेरा फोन तपासले होते. त्यात ३,९६,२७० संदेश, तीन लाखांवर फोटो, ९४० चित्रफिती. तंत्रज्ञ बाईंनी त्यातले शेकडो संदेश न्यायालयात वाचून दाखवले. माहितीपटात ते पडद्यावर येतात, एकामागून एक, कसल्याही निवेदनाशिवाय.

ते वाचताना कळतं की आठवड्याभरात भाषा कशी बदलत गेली. पहिल्या रात्री बढाई. दुसऱ्या दिवशी चेष्टा, थोडं कुतूहल. मग मुलीचे वडील फोटोंबद्दल विचारू लागल्याची कुणकुण, आणि सूर फिरतो. अमुक विचारलं तर असं सांग, ती तुझ्याकडे आली आणि झोपली एवढंच म्हण. त्यानंतर त्याच मुलीला संदेश: मी तुझी काळजी घेतली, आभार मानायचे सोडून मलाच अडचणीत आणतेस. शेवटी आश्वस्त होणं. एका आरोपीने मित्राला लिहिलं की मुख्य प्रशिक्षकांनी सगळं सांभाळलंय, ते तर यावर विनोद करत होते, त्यामुळे काळजी नाही. प्रशिक्षकांवर पुढे कुठलाही आरोप ठेवला गेला नाही, आणि मुलाने फुशारकी मारली असण्याचीही शक्यता आहे. तरी त्या वाक्याचं महत्त्व कमी होत नाही. प्रशिक्षकांनी खरोखर काय केलं यापेक्षा, ते आपल्याला वाचवतील हे त्या मुलाने किती सहज गृहीत धरलं होतं, ते पाहा.

त्या मुलीबद्दल त्यांचा शब्द कुठला होता, हेही पाहण्यासारखं आहे. तिचं नाव क्वचित येतं. ‘मेलेली’ हा शब्द मात्र वारंवार येतो, शुद्ध नसलेली या अर्थाने, गमतीने.

बचावाच्या एका वकिलाने खटल्याआधी मुद्दा मांडला होता की तिने स्पष्टपणे नकार दिला नव्हता. ओहायोत संमतीचं वय सोळा आहे, त्यामुळे सगळा खटला एकाच प्रश्नावर उभा होता: संमती देण्याच्या अवस्थेत ती होती का? पोटात दारू असणं आणि भान हरपलेलं असणं यातली रेषा न्यायालयाला आखायची होती, आणि तिला स्वतःला काही आठवत नसल्याने ती रेषा फोनमधल्या फोटोंवरून आणि मित्रांच्या साक्षींवरून आखावी लागली. साक्ष देणाऱ्या तिघा खेळाडूंना त्यांच्यावर कारवाई न करण्याची हमी दिली गेली होती. उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्यांना सोडलं तेव्हा कुठे केलेल्यांपर्यंत पोचता आलं.

आता तो धागा. ओहायोच्या कायद्यात बलात्काराची व्याख्या संभोगापुरती मर्यादित नाही, हाताने केलेला अत्याचारही त्यात येतो. या खटल्यात तेच सिद्ध झालं. साक्षीदार मुलगा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणतो तेव्हा आपल्याला चीड येते, पण ऑगस्ट २०१२ मध्ये हीच घटना आपल्याकडे घडली असती तर भारतीय दंड संहितेच्या तेव्हाच्या ३७५ व्या कलमात ती बलात्कार म्हणून बसली नसती. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला, आणि प्रौढ स्त्रियांसाठी व्याख्या रुंदावली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये, दिल्लीच्या घटनेनंतर. जे आपल्या कायद्याला २०१३ पर्यंत कळलं नव्हतं ते ओहायोतल्या सतरा वर्षांच्या पोराला कसं कळावं, असं म्हणून मला त्याला सोडायचं नाही. त्याच्या कायद्यात ते होतं. त्याच्यापर्यंत कुणी ते आणलं नव्हतं.

पॉक्सोत आज अठरा वर्षांखालच्या मुलीच्या संमतीचा प्रश्नच उभा राहत नाही. स्टुबेनव्हिलचा खटला इथे वेगळ्या वाटेने गेला असता. पण गावाने जे प्रश्न विचारले ते तेच असते. एवढ्या रात्री तिथे कशाला गेली, एवढी प्यायली कशाला, घरच्यांचं लक्ष कुठे होतं. माहितीपटात एक स्थानिक रेडिओ सूत्रधार आहे, त्याच्या तोंडून हे प्रश्न ऐकताना बोली तेवढी परकी वाटते.

निकाल आणि त्यानंतर

१७ मार्च २०१३ ला दोघंही दोषी ठरले. एकाला बालसुधारगृहात किमान एक वर्ष, दुसऱ्याला किमान दोन. त्यातलं एक वर्ष मुलीचे नग्न फोटो पाठवल्याबद्दलचं. मुलं न्यायालयात रडली. वृत्तवाहिन्यांवर त्या रडण्याचं आणि त्यांच्या ‘उज्ज्वल भविष्या’चं इतकं हळहळून वर्णन झालं की सीएनएनने माफी मागावी या मागणीवर दोन लाखांहून अधिक सह्या पडल्या. काही वाहिन्यांवर, न्यायालयात उच्चारलं गेलेलं मुलीचं नाव तसंच प्रक्षेपित झालं. दुसऱ्याच दिवशी मुलीला ट्विटर आणि फेसबुकवर धमक्या दिल्याबद्दल दोघांना ताब्यात घेतलं गेलं. दोघीही मुली होत्या, पंधरा आणि सोळा वर्षांच्या.

न्यायाधीशांनी निकाल देताना मुलांना आणि पालकांना उपदेश केला: मित्रांशी कसं बोलता, दारूच्या बाबतीत कसं वागता, आणि समाजमाध्यमांवर गोष्टी कशा नोंदवता याचा विचार करा. त्यांचा हेतू वाईट नसावा. पण हे ऐकलेल्या एखाद्या पोराने यातून काय घेतलं असेल? करू नका हे, की रेकॉर्ड करू नका हे? शाळांमधल्या ‘सायबर सुरक्षा’ कार्यक्रमांत मला नेमकी हीच भीती वाटते. फोटो टाकू नका, पासवर्ड देऊ नका, एकदा टाकलेलं पुसता येत नाही. सगळं खरं आहे. पण तिच्या अंगाला हात लावू नका, हे वाक्य त्यात कुठे असतं?

मोठ्या माणसांची पाळी नंतर आली. महाधिवक्त्यांनी निकालाच्या दिवशीच विशेष ग्रँड ज्यूरीची (आणखी कुणावर आरोप ठेवायचे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची) घोषणा केली, तपासात सोळा जणांनी बोलायलाच नकार दिला होता असं सांगून. वर्षअखेरपर्यंत शालेय खात्यातल्या काहींवर आरोपपत्रं निघाली. शाळांच्या अधीक्षकांवर तपासात अडथळा आणल्याचा आरोप होता, तो २०१५ मध्ये मागे घेतला गेला, बदल्यात त्यांनी राजीनामा दिला. शाळांचं संगणक खातं सांभाळणाऱ्याला आणि ज्याच्या घरी मुलं प्यायली त्या स्वयंसेवक साहाय्यक प्रशिक्षकाला प्रत्येकी दहा दिवसांचा तुरुंगवास झाला. अत्याचाराची शंका असूनही कळवलं नाही असा आरोप एका मुख्याध्यापिकेवर आणि कुस्तीच्या एका प्रशिक्षकावर होता, तोही पुढे मागे घेण्यात आला. मुख्य फुटबॉल प्रशिक्षकांचा करार निकालानंतर महिन्याभरात वाढवला गेला.

कळवणं हे कायद्याने बंधनकारक असूनही शाळेतली माणसं गप्प बसतात, याचं कारण प्रत्येक वेळी दुष्टपणा नसतं. बहुतेकांना वाटतं, खात्री झाल्यावर कळवू. कायदा खात्री मागतच नाही, शंका पुरेशी धरतो. आपल्या पॉक्सोचं १९ वं कलमही हेच सांगतं, आणि तेही फक्त शिक्षकांना नव्हे, प्रत्येकाला. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शाळेतला क्रीडाशिक्षक, अकादमीचा प्रशिक्षक, वसतिगृहाचा वॉर्डन, संघासोबत बाहेरगावी जाणारा व्यवस्थापक हे सगळे त्यात येतात. यातल्या किती जणांनी ते कलम वाचलंय, हे ज्याने त्याने आपल्या संस्थेत विचारून पाहावं.

संकेतस्थळ फोडणाऱ्या गटातल्या मुख्य जालचाच्याला २०१७ साली दोन वर्षांची शिक्षा झाली, संगणकात घुसखोरी आणि तपास यंत्रणेशी खोटं बोलल्याबद्दल. अत्याचार करणाऱ्यांच्या शिक्षेशी तिची तुलना करणारे मथळे तेव्हा बरेच आले. ती तुलना तितकीशी सरळ नाही, एकीकडे अल्पवयीन मुलं आहेत आणि दुसरीकडे प्रौढ माणूस. पण दहा दिवसवाल्यांशी तुलना केली तर? तेही प्रौढच होते.

माहितीपटाने काय केलं

श्वार्ट्झमन यांनी मुलीला कॅमेऱ्यापुढे आणलेलं नाही. तिचा चेहरा नाही, आवाज नाही, तिच्या खोलीतल्या रिकाम्या पलंगावर रेंगाळणारा कॅमेरा नाही. अशा विषयावरच्या चित्रपटाला हा मोह आवरणं कठीण असतं, कारण पीडितेचं दुःख दाखवलं की प्रेक्षक लगेच तुमच्या बाजूला येतो. इथे ऐंशी मिनिटं कॅमेरा दुसरीकडे वळलेला आहे: मुलांवर, त्यांच्या पोलीस चौकशीच्या चित्रफितींवर, मैदानावर, शिक्षकांवर, गावाच्या ओट्यांवर.

चौकशीची ती दृश्यं बघण्यासारखी आहेत. छोटी खोली, टेबल, समोर शांत स्वरात विचारणारा तपास अधिकारी. मुलं घाबरलेली नाहीत, अवघडलेली आहेत. चुकून काच फोडलेल्या पोरांसारखी खांदे पाडून बसलेली. अधिकारी विचारतो, तेव्हा ती कशी होती, चालू शकत होती का, बोलत होती का. उत्तरं अर्धवट येतात. अशा एकेका उत्तरातून ती तळघराची खोली भरत जाते आणि मग लक्षात येतं की तिथे किती जण होते. आत येऊन, पाहून, परत गेलेले. कुणी गाडी चालवत होतं, कुणी दार उघडलं, कुणी फोन धरला होता.

माझी एक तक्रार आहे. गॉडर्ड बाईंना कथेच्या मध्यभागी ठेवल्यामुळे ही एकट्या बाईने गावाशी दिलेली झुंज वाटू लागते, आणि वार्ताहर, तपास अधिकारी, सरकारी वकील मारियान हेमेटर यांचं चिकाटीचं कंटाळवाणं काम थोडं झाकोळतं. तीन लाख शहाण्णव हजार संदेश कुणीतरी बसून तपासले होते. त्यात नाट्य नाही, पण खटला त्यावर उभा राहिला. आणि पोलाद गेल्यानंतर गावाचं काय झालं, याकडेही चित्रपट ओझरतंच बघतो. संघाला इतकं का जपलं जातं हे समजायला ते अधिक हवं होतं.

एक आरोपी जानेवारी २०१४ मध्ये सुटला आणि त्याच ऑगस्टमध्ये बिग रेडच्या गणवेशात मैदानात उतरला. दुसरा जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आला. पहिला पुढे ओहायोतल्याच यंग्सटाउन राज्य विद्यापीठाच्या संघात गेला. २०१७ मध्ये तिथल्या एका विद्यार्थिनीने सह्यांची मोहीम सुरू केली, विद्यापीठाने त्याला त्या हंगामात खेळता येणार नाही असं जाहीर केलं, त्याने न्यायालयात दाद मागितली आणि सप्टेंबरमध्ये तो खेळला. शिक्षा भोगून आलेल्या मुलाला शिकू द्यावं का? द्यावं. खेळू द्यावं का, यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. खेळणं हा हक्क नाही असं एक मन म्हणतं. दुसरं मन विचारतं की मग बालगुन्हेगाराला सुधारायला पाठवलं कशाला होतं.

त्याचं पुढे काय झालं, कुठे प्रवेश मिळाला, कुठल्या सामन्यात खेळला, हे सगळं आपल्याला तारखेवार सापडतं. तिच्याबद्दल काहीच सापडत नाही. ती काय शिकली, कुठे राहते, तो फोटो अजून कधी तिच्यासमोर येतो का. चित्रपट ते शोधायला गेलेला नाही, आणि मीही शोधलं नाही.